आल्प्समध्ये पायी: युंगफ्राउच्या परिसरात चार-पाच दिवस कसे फिरावे

महाराष्ट्रातून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या बहुतेक सहलींमध्ये आल्प्सचा वाटा एका दिवसाचा असतो. सकाळी इंटरलाकेन, दुपारी युंगफ्राउयोख या उंचावरच्या रेल्वे स्थानकावर बर्फातली छायाचित्रे आणि संध्याकाळी पुढच्या शहराची बस, असा तो साचा आहे. त्या एका दिवशी वर ढग असले, तर २०० फ्रँकहून अधिक किमतीचे तिकीट काढून पांढऱ्या धुक्याकडे पाहत बसण्याखेरीज काही उरत नाही. या परिसराचा खरा आनंद घ्यायचा असेल, तर एकाच गावात निदान चार रात्री मुक्काम करावा, कुठल्या दिवशी कुठे जायचे हे घरी बसून ठरवू नये, आणि रोज सकाळी हवा पाहून त्या दिवसाची वाट निवडावी. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीला धरून केलेल्या आहेत.

युंगफ्राउ परिसर म्हणजे स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातील डोंगराळ भाग. आयगर (३,९६७ मीटर), म्योंख (सुमारे ४,११० मीटर) आणि युंगफ्राउ (४,१५८ मीटर) ही तीन शिखरे येथे एका ओळीत उभी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी लाउटरब्रुनेन व ग्रिंडेलवाल्ड ही दोन खोरी आहेत. युंगफ्राउ-आलेच हा प्रदेश २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मात्र नवख्या माणसाच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी सोय अशी, की १८९० च्या दशकापासून बांधल्या गेलेल्या दातेरी रुळांच्या रेल्वे आणि रोपवे चढाचा मोठा भाग स्वतःकडे घेतात. दोन हजार मीटरवर उतरावे, तिथून आडव्या वाटेने दीड-दोन तास चालावे आणि दुसऱ्या ठिकाणाहून गाडीने खाली यावे, असे येथे सहज करता येते. घरातील ज्येष्ठांना आणि मुलांनाही अशा वाटा झेपतात.

कधी जावे

याबाबतीत आपल्याकडची सुटी आणि तिथला हंगाम यांचा मेळ बसत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. आपल्या शाळांना एप्रिल-मेमध्ये सुटी असते, आणि नेमके तेव्हा तिथल्या उंचावरच्या वाटा बर्फाखाली असतात. शिवाय हिवाळी खेळांचा हंगाम संपून उन्हाळी हंगाम सुरू होईपर्यंत अनेक रोपवे देखभालीसाठी बंद ठेवले जातात. दिवाळीच्या सुटीतही तीच अडचण येते, कारण ऑक्टोबरच्या अखेरीस ते पुन्हा बंद होऊ लागतात. पायी फिरण्याचा खरा काळ जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये रानफुले भरपूर आणि गर्दीही तेवढीच, तर सप्टेंबरमध्ये हवा अधिक स्थिर, दुपारची गडगडाटी वादळे कमी आणि वाटा मोकळ्या असतात. ज्यांना शाळेच्या सुटीचे बंधन नाही, त्यांनी माझ्या मते सप्टेंबरच निवडावा. मुलांमुळे सुटीतच जाणे भाग असेल, तर जूनचा पहिला आठवडा गाठावा, दोन हजार मीटरच्या वरच्या वाटांचा आग्रह सोडावा आणि निघण्यापूर्वी प्रत्येक रोपवे कोणत्या तारखेला सुरू होतो हे त्याच्या संकेतस्थळावर तपासावे.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात अर्जांची गर्दी असते, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर टाकू नये. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, परंतु तो घेताना डोंगरातील पदभ्रमण आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका त्यात समाविष्ट आहे की नाही, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचावे. काही पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीच्या वरचे फिरणे ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेले असते.

मुक्काम आणि पास

मुक्कामाच्या जागा मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. इंटरलाकेन दोन तळ्यांच्या मध्ये, ५६७ मीटरवर आहे. तिथे हॉटेले भरपूर, भारतीय जेवणही मिळते, आणि यश चोप्रांचा पुतळाही २०१६ पासून तिथे आहे. पण तिथून प्रत्येक वाटेसाठी रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास गाडीत जातात. लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्ड ही खोऱ्यांतील गावे फिरण्याला सर्वांत सोयीची आहेत. वेंगेन (१,२७४ मीटर) आणि म्युरेन (१,६३८ मीटर) ही कड्यावरच्या सपाटीवर वसलेली, मोटारींना बंदी असलेली गावे आहेत. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाच्या उंचीवर म्युरेनमध्ये शाळा, दुकाने आणि रेल्वे स्थानक आहे. एकाच ठिकाणी राहायचे असेल, तर मी लाउटरब्रुनेन किंवा वेंगेन सुचवेन, कारण तिथून दोन्ही बाजूंचे डोंगर हाताशी येतात. खोलीत लहानसे स्वयंपाकघर असेल अशी जागा मिळाल्यास खर्चात फार फरक पडतो.

इंटरलाकेन ओस्ट स्थानकातून सुटणारी गाडी त्स्वाइल्युचिनेन येथे दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यात चढण्यापूर्वी त्याच्या बाजूवरील पाटी आणि फलाटावरचा फलक वाचावा. कुटुंबातील निम्मी माणसे एका खोऱ्यात आणि सामानासह उरलेली दुसऱ्या खोऱ्यात, असा प्रसंग या मार्गावर मुळीच दुर्मीळ नाही.

पासांचे गणित गुंतागुंतीचे वाटते, पण त्याचे सार थोडके आहे. संपूर्ण देश फिरणार असाल, तर स्विस ट्रॅव्हल पास सोयीचा. त्यावर वेंगेन, म्युरेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा प्रवास होतो आणि तिथून युंगफ्राउयोखपर्यंतच्या तिकिटावर २५ टक्के सवलत मिळते. याच परिसरात तीन किंवा अधिक दिवस राहून रोज एखादी रेल्वे वा रोपवे वापरणार असाल, तर युंगफ्राउ ट्रॅव्हल पास बहुधा स्वस्त पडतो. तो आयगरग्लेचर स्थानकापर्यंत चालतो आणि त्यापुढे युंगफ्राउयोखसाठी सवलतीचे वेगळे तिकीट काढावे लागते. मोजकाच प्रवास करणाऱ्यांनी हाफ फेअर कार्ड घ्यावे, त्यावर युंगफ्राउयोखचे तिकीटही निम्म्या दरात मिळते. आपण ज्या वाटा चालणार आहोत त्यांची तिकिटे कागदावर मांडून बेरीज करावी आणि मगच पास विकत घ्यावा. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा, की पास हाती असला की ढग दिसताच बेत बदलण्याचे मनाला काही वाटत नाही. दिवस ठरवून काढलेले स्वस्त तिकीट मात्र माणसाला धुक्यातही वर ओढून नेते.

पाट्या कशा वाचाव्यात

सह्याद्रीत खडकावर रंगवलेले बाण, झाडाला बांधलेली फीत आणि वाटेत भेटलेला गुराखी यांच्या भरवशावर चालण्याची आपल्याला सवय असते. स्वित्झर्लंडमध्ये देशभर एकच पद्धत आहे. नुसती पिवळी पाटी किंवा पिवळी चौकट असेल, तर ती साधी पायवाट असते. तिच्यावर पक्के बूट आणि बेताची तब्येत एवढे पुरते. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. तिथे चढ-उतार तीव्र असतात, घसारा लागतो, काही ठिकाणी तारेचा आधार घ्यावा लागतो, आणि उंचीची भीती वाटणाऱ्याने आधी चौकशी करावी. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला, की नवख्याने तिथूनच मागे वळावे, कारण त्या वाटांवर हिमनदी, कातळचढाई किंवा वाट नसलेला घसारा असू शकतो आणि त्यासाठी दोर आणि बर्फकुऱ्हाड वापरण्याचे शिक्षण लागते.

फाट्यावरच्या खांबावर एका पांढऱ्या पट्टीत त्या जागेचे नाव आणि उंची लिहिलेली असते, आणि त्याखालच्या पिवळ्या बाणांवर पुढच्या ठिकाणांची नावे व तिथे पोहोचायला लागणारा वेळ दिलेला असतो. अंतर दिलेले नसते, वेळच दिलेला असतो. हा वेळ सपाटीवर ताशी साधारण ४.२ किलोमीटरची चाल धरून काढलेला असून त्यात विश्रांती, डबा आणि छायाचित्रे यांचा हिशेब नसतो. आपल्या माणसांनी पाटीवर दोन तास वाचले की तीन तास धरावेत. स्विसटोपो या सरकारी नकाशासंस्थेचे मोफत ॲप फोनवर घ्यावे, पायवाटांचा थर त्यात दाखवता येतो. हवेसाठी मेटिओस्विस या राष्ट्रीय हवामान संस्थेचे ॲप पाहावे. जगभराची हवा एकाच चित्रात दाखवणारी फोनमधली सामान्य ॲप्स डोंगरात फारशी उपयोगी पडत नाहीत.

रोज सकाळी मात्र सर्वांत खात्रीचे साधन वेबकॅम हेच आहे. प्रत्येक मोठ्या रोपवेच्या वरच्या स्थानकावर कॅमेरा बसवलेला असतो आणि अनेक हॉटेलांच्या टीव्हीवर त्याची थेट दृश्ये एका वाहिनीवर फिरत असतात. खोऱ्यात दाट ढग असताना दोन हजार मीटरवर लख्ख ऊन असू शकते, आणि याच्या उलटही घडते. दात घासता घासता ही दृश्ये पाहावीत, कुठे ऊन आहे ते हेरावे आणि त्या दिशेची पहिली किंवा दुसरी गाडी पकडावी.

वाटा

पोहोचल्याच्या दिवशी, विमानप्रवासाचा शीण असताना, लाउटरब्रुनेन खोऱ्याच्या तळातून श्टेखेलबेर्गकडे जाणारी सपाट वाट चालावी. दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंचीचे सरळ कातळकडे आहेत आणि त्यांवरून धबधबे कोसळतात. गावालगतचा श्टाउबबाख सुमारे ३०० मीटर उंचीवरून पडतो. जर्मन कवी गटे १७७९ मध्ये तो पाहून गेले आणि त्यावर त्यांनी कविता लिहिली. संपूर्ण वाट सहा-सात किलोमीटरची आहे, आणि थकवा आला तर समांतर रस्त्यावरून बस जाते.

पहिल्या स्वच्छ दिवशी मेनलिखेन ते क्लायने शायडेग ही वाट घ्यावी. या परिसरात एकच वाट चालायला वेळ असेल, तरीही हीच निवडावी. वेंगेनहून रोपवेने काही मिनिटांत, किंवा ग्रिंडेलवाल्डच्या टर्मिनलवरून गंडोलाने (लहान डब्यांच्या रोपवेने), सव्वादोन हजार मीटरवरील मेनलिखेनला पोहोचता येते. तिथून साडेचार किलोमीटरची रुंद, हलक्या उताराची वाट डोंगराच्या कुशीतून क्लायने शायडेगच्या खिंडीकडे (२,०६१ मीटर) जाते. सुमारे दीड तासाच्या या चालीत तिन्ही शिखरे सतत समोर असतात आणि प्रत्येक वळणावर थोडी थोडी जवळ येतात. निघण्यापूर्वी मेनलिखेनच्या माथ्यावर (२,३४३ मीटर) वीस-पंचवीस मिनिटांत जाऊन यावे, कारण दोन्ही खोरी एकदम दिसण्याची जागा तीच आहे. वाटेचा सुरुवातीचा भाग बाबागाडीत बाळ घेऊन जाणाऱ्यांनाही जमतो, मात्र जूनमध्ये काही घळींत बर्फ साचून राहते, त्यामुळे त्या दिवसांत वाट उघडल्याची खात्री स्थानकावर करून घ्यावी.

ज्यांना थोडी कणखर वाट हवी, त्यांच्यासाठी आयगर ट्रेल आहे. आयगरग्लेचर स्थानकावरून (२,३२० मीटर) निघून ती आयगरच्या उत्तर भिंतीच्या अगदी पायथ्यातून आल्पिग्लेनपर्यंत उतरते. अंतर सहा किलोमीटर, उतार जवळपास ७०० मीटर आणि वेळ सव्वादोन ते अडीच तास. सुमारे १,८०० मीटर उंचीच्या या भिंतीवर पहिली यशस्वी चढाई जुलै १९३८ मध्ये हेकमायर, फ्योर्ग, हारेर आणि कास्पारेक या चौघांनी केली. त्याआधीच्या प्रयत्नांत अनेक गिर्यारोहकांचे बळी गेले होते. भिंतीखालून चालताना मान वर करून पाहण्याचा मोह होतोच, पण त्यासाठी थांबावे आणि मगच पाहावे. पायाखाली बारीक, भुसभुशीत घसारा आहे, आणि राजगडाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या उतारावर पाय जसा सटकतो तसाच तो इथेही सटकतो. वरून दगड सुटतात, म्हणून भिंतीला अगदी लगटून डबा खायला बसू नये. उतार सलग असल्यामुळे शेवटच्या तासात गुडघे बोलू लागतात, तेव्हा दोन ट्रेकिंग काठ्या सोबत असाव्यात.

दरीच्या पलीकडच्या बाजूला ग्रुटशआल्प ते म्युरेन ही जवळजवळ सपाट वाट आहे. लाउटरब्रुनेनहून रोपवेने ग्रुटशआल्पला जावे आणि १८९१ पासून चालणाऱ्या छोट्या रेल्वेच्या कडेने विंटरएगमार्गे साधारण सव्वा तासात म्युरेन गाठावे. दम लागला, तर विंटरएगला गाडी थांबतेच. मेनलिखेनच्या वाटेवर शिखरांकडे चालत जाणे घडते, इथे दरीपलीकडे ती संपूर्ण रांग पायापासून माथ्यापर्यंत दिसते. म्युरेनहून खाली गिमेलवाल्डपर्यंत (१,३६३ मीटर) चाळीसेक मिनिटांचा तीव्र उतार आहे. लाकडी घरे, रचून ठेवलेले सरपण आणि गवताच्या गंजी असे हे लहानसे गाव आहे. तिथल्या घरांबाहेर चीज विकायला ठेवलेले असते, किंमत वाचून पैसे डब्यात टाकायचे. विक्रेता समोर नसतो, म्हणून सुटे फ्रँक खिशात ठेवावेत.

ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला फिर्स्ट (सुमारे २,१७० मीटर) ते बाखआल्पझे या तळ्यापर्यंतची वाट तीन किलोमीटरची आणि तासाभराची आहे. वारा पडलेला असेल तेव्हा तळ्यात श्रेकहॉर्नचे (४,०७८ मीटर) प्रतिबिंब पडते. हा वारा बहुधा सकाळी लवकर पडलेला असतो. दहानंतर तळ्यावर वाऱ्याच्या लहरी उठतात आणि फिर्स्टच्या गंडोलासमोर रांगाही लागतात, त्यामुळे या वाटेसाठी पहिली गंडोला गाठण्याचा आळस करू नये. तळ्यापासून फाउलहॉर्नच्या माथ्यापर्यंत (२,६८१ मीटर) आणखी ४०० मीटरचा चढ आहे. वर एकोणिसाव्या शतकापासूनचे उपाहारगृह-निवास आहे आणि तिथून एका बाजूला हिमशिखरे, तर दुसऱ्या बाजूला खोल खाली ब्रिएन्झचे तळे दिसते.

सह्याद्रीत दिवसभर चालण्याचा सराव असणाऱ्यांनी शिनिगे प्लाटे ते फिर्स्ट ही वाट अवश्य करावी. विल्डर्सविलहून १८९३ ची दातेरी रेल्वे जवळपास तासाभरात शिनिगे प्लाटेला (१,९६७ मीटर) सोडते. तिथून डोंगरधारेच्या आधाराने फाउलहॉर्नमार्गे फिर्स्टपर्यंत सुमारे १६ किलोमीटर आणि पाटीच्या हिशेबाने सहा तास आहेत. वाट अवघड नाही, पण लांब आहे, मध्ये सावली नाही, आणि फाउलहॉर्नच्या अलीकडच्या उत्तर उतारांवर जुलैपर्यंत बर्फाचे पट्टे राहतात. येथील खरी अडचण घड्याळाची आहे. फिर्स्टवरून खाली जाणाऱ्या शेवटच्या गंडोलाची वेळ हुकली, तर ग्रिंडेलवाल्डपर्यंत ११०० मीटरहून अधिक उतार थकलेल्या पायांनी उतरावा लागतो. प्रत्येक स्थानकावर ‘लेट्झ्टे टालफार्ट’ म्हणजे खाली जाणारी शेवटची फेरी असा फलक असतो. सकाळीच त्याचे छायाचित्र फोनमध्ये घ्यावे आणि त्या वेळेच्या एक तास आधी पोहोचण्याच्या बेताने चालावे.

युंगफ्राउयोख

३,४५४ मीटरवरील हे स्थानक १ ऑगस्ट १९१२ रोजी सुरू झाले. उद्योजक आडोल्फ गुयर-त्सेलर यांच्या कल्पनेतून १८९६ मध्ये सुरू झालेले हे काम सोळा वर्षे चालले, आणि सुमारे नऊ किलोमीटरच्या मार्गातील सात किलोमीटर बोगदा आयगर व म्योंखच्या पोटातून खोदला गेला. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल ते आयगरग्लेचर हे अंतर आयगर एक्स्प्रेस रोपवे पंधरा मिनिटांत पार करतो. जाताना त्याने जावे आणि येताना क्लायने शायडेगमार्गे रेल्वेने वेंगेनला उतरावे, म्हणजे दोन्ही बाजू पाहून होतात.

जावे की न जावे, याचा निर्णय वेबकॅमवर सोपवावा. वर स्वच्छ असेल, तर आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी, वीस किलोमीटरहून अधिक लांबीची आलेच, सज्जातून पायाखाली दिसते. ढग असतील, तर बोगदे, बर्फाची गुहा आणि उपाहारगृह एवढेच हाती लागते, आणि तेवढ्यासाठी तो खर्च मला तरी पटत नाही. उन्हाळ्यात गाडीतील जागा आरक्षित करावी लागते, पण हे काम आदल्या संध्याकाळी, अंदाज पाहून करावे. जुलै-ऑगस्टच्या गर्दीत फार तर दोन दिवस आधी.

वरची हवा विरळ असते. प्राणवायूची उपलब्धता समुद्रसपाटीच्या मानाने साधारण दोन-तृतीयांश राहते, आणि आपण इतक्या उंचीवर दोन तासांत पोहोचलेले असतो. डोके जड होणे, मळमळणे, जिना चढताना धाप लागणे हे तरुणांनाही होते. सावकाश चालावे, पाणी पीत राहावे आणि त्रास वाढला तर पुढच्या गाडीने खाली उतरावे. उतरणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळांच्या पालकांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाहेरच्या बर्फावर आखलेल्या, सपाट केलेल्या मार्गावरच चालावे. दोरीपलीकडे दिसणारे गुळगुळीत बर्फ म्हणजे हिमनदीचा पृष्ठभाग असतो आणि त्याखाली भेगा झाकलेल्या असू शकतात.

अंगावर, पाठीवर आणि पोटात

उंचीच्या दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी घटते. ग्रिंडेलवाल्डला अर्ध्या बाह्यांत फिरणारा माणूस फाउलहॉर्नवर कुडकुडतो. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा घाम शोषणारा आतला शर्ट, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे पातळ जाकीट असे तीन थर ठेवावेत. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, ती गावातच राहू द्यावी. बुटांच्या तळव्याला खोल खाचा असाव्यात आणि ते निदान महिनाभर वापरून रुळलेले असावेत. टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन या चैनीच्या वस्तू नव्हेत. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, बर्फावरून ती परावर्तित होतात, आणि सावळ्या त्वचेलाही भाजतेच.

गावांतील आणि कुरणांतील लाकडी हौदांत नळाचे पाणी सतत वाहत असते. ‘काईन ट्रिंकव्हासर’ अशी पाटी असेल, तर ते पिण्याचे नाही. तशी पाटी नसलेल्या गावच्या हौदांवर बाटली भरून घेता येते आणि रोजचे पाण्याचे पैसे वाचतात. उघड्या ओढ्याचे पाणी मात्र पिऊ नये, कारण वरच्या बाजूला गाई चरत असतात.

डब्यासाठी थेपले, खाकरे, चिवडा, चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू उत्तम. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत, म्हणून पेढे-बर्फी घरीच ठेवावी. ताजी फळे, पाव, दही तिथल्या कोप किंवा मिग्रो या दुकानांत मिळते, परंतु रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच खरेदी करावी. डोंगरातील उपाहारगृहांत शाकाहारी माणसाला रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर, आणि बटाटा-मॅकरोनी-चीजचे आल्प्लरमाग्रोनेन हे पदार्थ मिळतात. दोन्हींत ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे ‘ओने श्पेक’, म्हणजे श्पेकशिवाय, असे मागवताना स्पष्ट सांगावे. सातूच्या सारातही मांस असू शकते. काटेकोर शाकाहारी वाचकांना हेही ठाऊक असावे, की तिथले अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातील विरजणाने बांधलेले असते.

गाई, दरडी आणि हेलिकॉप्टर

वाटा खासगी कुरणांतून जातात. विजेच्या तारेला प्लास्टिकची मूठ असलेले फाटक असते. मूठ धरून उघडावे आणि मागे आठवणीने लावावे. गळ्यात घंटा बांधलेल्या गाई छायाचित्रात शांत दिसतात, पण वासरू जवळ असलेली गाय अंगावर येऊ शकते. तिच्यापासून लांबून वळसा घालावा, वासराला हात लावू नये आणि मुलांना धावू देऊ नये. वाटेत भेटणाऱ्यांना ‘ग्रुएसेख’ म्हणण्याची इथली रीत आहे, आणि अरुंद वाटेवर वर चढणाऱ्याला आधी जागा दिली जाते.

उन्हाळ्यात दुपारी दोन-तीननंतर विजांसह पाऊस येऊ शकतो. शिखरे, डोंगरधारा आणि एकट्या झाडाचा आडोसा तेव्हा धोक्याचा असतो, म्हणून उंचावरची वाट दुपारपर्यंत संपवावी. वाट बंद असल्याची पाटी दिसली, तर तिच्यापलीकडे जाऊ नये. आपल्याकडच्या अनुभवामुळे अशा पाट्या फारशा मनावर न घेण्याची सवय लागते, पण तिथे ती पाटी डोंगर मोजून लावलेली असते. याच पर्वतरांगेच्या दक्षिणेकडील लोचेन्टाल खोऱ्यात २८ मे २०२५ रोजी हिमनदी आणि दरड एकत्र कोसळून ब्लाटेन गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. सुमारे ३०० रहिवाशांना काही दिवस आधीच हलवले होते, ते याच निरीक्षणामुळे.

अपघात झाल्यास १४१४ या क्रमांकावर रेगा ही हवाई बचाव संस्था, आणि ११२ वर सर्वसाधारण मदत मिळते. फोनला रेंज नसेल, तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवावी किंवा विजेरी लुकलुकवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. उत्तरादाखल मिनिटाला तीन संकेत येतात. दोन्ही हात वर करून उभे राहणे म्हणजे हेलिकॉप्टरला ‘मदत हवी’ असे सांगणे, आणि एक हात वर व एक खाली म्हणजे ‘नको’. त्यामुळे डोक्यावरून जाणाऱ्या लाल हेलिकॉप्टरकडे पाहून हौसेने दोन्ही हात हलवू नयेत.

पाऊस लागला तर

चार दिवसांत एक दिवस पावसाचा धरूनच निघावे. त्या दिवशी पहिला मान ट्र्युमेलबाखचा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचे पाणी डोंगराच्या आतून दहा धबधब्यांच्या रूपाने खाली येते, आणि ते बोगद्यातील लिफ्टने व पायऱ्यांनी पाहता येतात. भर उन्हाळ्यात सेकंदाला २० हजार लिटरपर्यंत पाणी इथून जाते आणि त्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. पायऱ्या ओल्या असतात, आत गारठा असतो आणि चार वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो. ते हिवाळ्यात बंद असते.

दुसरा पर्याय ब्रिएन्झच्या तळ्यावरील बोटीचा. स्विस ट्रॅव्हल पासवर तिचे वेगळे तिकीट लागत नाही. ब्रिएन्झजवळ बालेनबेर्ग हे १९७८ मध्ये उघडलेले मोकळ्या जागेतील संग्रहालय आहे, जिथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून उचलून आणलेली शंभराहून अधिक जुनी घरे पुन्हा उभारलेली आहेत. पाऊस कोसळत असला तरी एका घरातून दुसऱ्या घरात जात तिथे अर्धा दिवस जातो. एवढे करूनही दुपारी ऊन पडलेच, तर लाउटरब्रुनेनला परतून ग्रुटशआल्पचा रोपवे पकडावा. म्युरेनची ती वाट तासा-सव्वा तासाची आहे आणि जून-जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो.